चाचपडणारा हात : दलारोशच्या ‘लेडी जेन ग्रे’ चित्राची उकल

मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमधून एक बातमी आली. जुन्या वास्तूंची देखभाल करणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेने बेडफर्डशरमधील रेस्ट पार्क या हवेलीत एक व्यक्तिचित्र पाहण्यासाठी ठेवले आणि ते सोळाव्या शतकातील इंग्लंडची ‘नऊ दिवसांची राणी’ लेडी जेन ग्रे हिचे, कदाचित तिच्या हयातीतच काढलेले असावे, ही शक्यता अभ्यासकांच्या हवाल्याने जाहीर केली. ज्या लाकडी फळीवर ते रंगवले आहे तिची वाढवलये मोजून फळीचा काळ १५३९ ते १५७१ असा ठरवण्यात आला. वरच्या रंगाखाली पूर्वीचा अधिक भरजरी पोशाख असल्याच्या खुणा मिळाल्या, आणि चेहऱ्यावरचे डोळे, तोंड व कान कोणीतरी मुद्दाम खरवडून काढल्याचेही दिसून आले. हे चित्र जेनचेच आहे असे छातीठोकपणे कोणी म्हटलेले नाही.

गंमत अशी की ज्या मुलीचा चेहरा कसा होता हे आजही खात्रीने सांगता येत नाही, तिचे नाव काढताच असंख्य लोकांच्या डोळ्यांपुढे एकच प्रतिमा येते : डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली, पांढऱ्या सॅटिनमधली, गुडघ्यांवर बसून हवेत हात पुढे करणारी मुलगी. ही प्रतिमा पॉल दलारोश या फ्रेंच चित्रकाराने १८३३ साली, म्हणजे जेनच्या मृत्यूनंतर २७९ वर्षांनी, पॅरिसमध्ये रंगवली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हे चित्र आहे आणि त्यापुढची गर्दी सहसा हटत नाही. ते पाहून एक प्रश्न हमखास विचारला जातो : यातले खरे किती? उत्तर देण्याआधी थोडी पायाभरणी करावी लागेल.

‘इतिहासचित्र’ आणि ‘रोमँटिक’ म्हणजे काय?

युरोपातील कला अकादमींनी सतराव्या शतकापासून चित्रप्रकारांची एक उतरंड मानली होती. तळाशी फळे, फुले, भांडी यांचे स्थिरचित्र, त्यावर निसर्गदृश्य, मग रोजच्या जगण्यातील प्रसंग, त्यावर व्यक्तिचित्र आणि सर्वांत वर इतिहासचित्र. बायबल, पुराणकथा किंवा इतिहास यांतील एखादा गंभीर प्रसंग मोठ्या आकारात, अनेक आकृतींसह रंगवणे म्हणजे इतिहासचित्र. त्यासाठी शरीररचना, वस्त्रे, वास्तू, प्रकाश आणि कथा या सगळ्यांवर एकाच वेळी हुकमत लागते, म्हणून त्याला वरचा मान होता.

‘रोमँटिक’ हा शब्द आपल्याकडे प्रेमप्रकरणांना इतका चिकटला आहे की येथे तो बाजूला काढून ठेवणे बरे. कलेच्या इतिहासात रोमँटिसिझम म्हणजे स्वच्छंदतावाद : अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि पुढची पन्नासएक वर्षे युरोपवर पसरलेला असा प्रवाह, ज्याने नियम व तर्क यांच्यापेक्षा भावना, कल्पनाशक्ती, भय, करुणा आणि भूतकाळाची ओढ यांना महत्त्व दिले. जुन्या पद्धतीच्या इतिहासचित्रात नायक कर्तव्यासाठी मरतो आणि पाहणाऱ्याने त्याच्यापासून धडा घ्यावा अशी अपेक्षा असते. रोमँटिक इतिहासचित्र पाहणाऱ्याच्या पोटात कालवाकालव करू पाहते, आणि म्हणून त्याला विजेत्यांपेक्षा हरलेली माणसे, त्यातही गादीवरून खाली ओढली गेलेली माणसे, अधिक जवळची वाटतात.

दलारोश (१७९७–१८५६) या प्रवाहात थोडा काठावरच उभा होता. त्याच्या पिढीतला दलाक्र्वा रंगांचे झंझावात उठवी, तर दलारोशचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की कुंचल्याचा फटकारा शोधूनही सापडू नये. विषय रोमँटिकांचा आणि हात अकादमीचा, असे त्याचे वर्णन करता येईल. दोन्ही बाजूंचे समीक्षक त्यामुळे त्याच्यावर नाराज असत, आणि सामान्य प्रेक्षक मात्र खूश असे.

नऊ दिवसांचे राज्य आणि एका ओळीतली दुरुस्ती

जेन ही इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याची पणती. आठव्या हेन्रीनंतर त्याचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला, पण १५५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तोही मरणपंथाला लागला. पार्लमेंटच्या कायद्यानुसार त्याच्यामागे त्याची सावत्र बहीण मेरी आणि तिच्यामागे दुसरी सावत्र बहीण एलिझाबेथ असा क्रम होता. मेरी कट्टर कॅथलिक, एडवर्ड तितकाच कट्टर प्रॉटेस्टंट. आपण मेल्यावर मेरी सगळे उलटे फिरवील, ही भीती त्याला आणि त्याचा सर्वांत प्रबळ सल्लागार जॉन डडली, नॉर्दम्बरलंडचा ड्यूक, या दोघांनाही होती.

एडवर्डने वारसाबाबतचा एक मसुदा स्वतःच्या हाताने लिहिला. स्त्री गादीवर येणे त्याला मुळात नकोच होते, म्हणून राज्य ‘जेनच्या पुत्रांना’ मिळावे असे त्यात होते. पण जेनचे लग्न नुकतेच, मे महिन्यात, आणि तेही डडलीच्याच मुलाशी, गिल्डफर्डशी झाले होते. पुत्र व्हायला वेळ होता आणि राजाकडे तो नव्हता. तेव्हा ओळीत काही अक्षरे खोडून वर दोन शब्द घालण्यात आले आणि ‘जेनच्या पुत्रांना’ याचे ‘जेनला आणि तिच्या पुत्रांना’ असे झाले. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबाबत ‘ध चा मा’ केल्याची जी कथा आपण लहानपणापासून ऐकतो, ती शेवटी तोंडातोंडी आलेली कथा आहे. इंग्लंडमधली ही दुरुस्ती मात्र लंडनच्या इनर टेम्पल ग्रंथालयात, मूळ कागदावर, आजही पाहायला मिळते.

६ जुलैला एडवर्ड वारला. १० जुलैला जेन राणी म्हणून जाहीर झाली आणि परंपरेप्रमाणे टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात राहायला आली. इकडे मेरीने पूर्वेकडच्या परगण्यांत माणसे जमवली, लोकांचा कल तिच्याकडे झुकला, आणि १९ जुलैला त्याच मंत्रिमंडळाने लंडनमध्ये मेरीच्या नावाची द्वाही फिरवली. जेनला कुठे हलवावेही लागले नाही. जो टॉवर सकाळपर्यंत राजनिवास होता, तोच तिचा तुरुंग झाला.

येथे एक रास्त शंका निघते : मग ती राणी होती का? पार्लमेंटचा कायदा राजाच्या एका आज्ञापत्राने बदलता येत नाही, असे मानले तर नव्हती. मरणाऱ्या राजाने नेमलेली आणि त्याच्या मंत्र्यांनी सह्या करून स्वीकारलेली वारस, असे मानले तर नऊ दिवस होती. वाद आजही मिटलेला नाही. तिच्यावर १३ नोव्हेंबर १५५३ रोजी गिल्डहॉलमध्ये राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ‘राणी जेन’ अशी सही केल्याचाच तिच्यावर मुख्य ठपका होता. शिक्षा मृत्यूची झाली, पण ती अमलात आणण्याची मेरीला घाई दिसत नव्हती. पुढच्या जानेवारीत मेरीच्या स्पेनच्या फिलिपशी ठरलेल्या विवाहाविरुद्ध बंड उठले आणि जेनचे वडील त्यात सामील झाले. पोरीच्या जिवावर ते बेतले. १२ फेब्रुवारी १५५४ रोजी आधी गिल्डफर्डचा आणि मग जेनचा शिरच्छेद झाला. ती तेव्हा सोळा किंवा सतरा वर्षांची होती.

चित्रापुढे थांबून पाहिले तर

चित्र सुमारे अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे, म्हणजे आकृती जवळजवळ माणसाच्या मापाच्या आहेत. एकंदर पाच माणसे. मधोमध जेन, उशीवर गुडघे टेकलेली. तिच्या अंगावर जो प्रकाश पडतो तो इतर कोणावर नाही. मागच्या दगडी भिंती आणि खांब काळोखात बुडालेले आहेत. तिच्यावर वाकून, जवळजवळ तिला पोटाशी धरून, एक वयस्कर गृहस्थ तिला पुढे नेत आहे. हा टॉवरचा अधिकारी सर जॉन ब्रिजेस. डावीकडे तिच्या दोन सख्या आहेत : एक खांबाला टेकून, शुद्ध हरपल्यासारखी बसली आहे आणि जेनचा उतरवलेला वरचा पोशाख तिच्या मांडीवर आहे; दुसरीने पाहवत नाही म्हणून भिंतीकडे तोंड फिरवले आहे. उजवीकडे कुऱ्हाडीशी उभा मारेकरी, लाल पायघोळ मोज्यांत, मान किंचित कलती. त्याच्या आणि जेनच्या मध्ये लाकडी ठोकळा आणि त्याभोवती रक्त शोषण्यासाठी पसरलेला पेंढा.

आता फक्त हात पाहावेत. ब्रिजेसचा हात तिला आधार देतो आहे, पण कुठे न्यायचे आहे हेही त्याच हाताला माहीत आहे. सख्यांचे हात निकामी झाले आहेत. मारेकऱ्याच्या हाताला अजून काम नाही. आणि जेनचा हात, बोटे फाकलेला, हवेत अडला आहे. ठोकळा अगदी जवळ आहे, आपल्याला तो दिसतो, तिला दिसत नाही. अंधाऱ्या घरात दिवे गेल्यावर आपण भिंत शोधतो तशी ती स्वतःच्या मृत्यूची जागा शोधते आहे. चित्रातल्या सगळ्या तिरप्या रेषा, ब्रिजेसचे वाकणे, जेनच्या खांद्यावरून पुढे आलेले केस, मारेकऱ्याची झुकलेली मान, त्या बोटांकडे आणि बोटांपुढच्या रिकाम्या जागेकडे जातात.

क्षणाची निवड येथे सर्वांत महत्त्वाची आहे. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणारा फोटो आठवावा : हंडी फुटून दही सांडल्यावरचा फोटो क्वचितच छापतात, वरच्या थरावरच्या गोविंदाचा हात हंडीपासून वीतभर दूर आहे, तो फोटो छापतात. घटना पूर्ण झाली की नजर सुटते, अपुरी राहिली की मन ती पुरी करत बसते. चित्र एकच क्षण दाखवू शकते, म्हणून तो क्षण पुढे-मागे दोन्हीकडे उघडणारा असावा, हे जर्मन विचारवंत लेसिंगने अठराव्या शतकातच सांगून ठेवले होते. दलारोशने रक्ताचा थेंबही दाखवलेला नाही. पेंढा कोरडा आहे, आणि तो कशासाठी आहे हे कळायला पाहणाऱ्याला फार वेळ लागत नाही.

खरे किती, रचलेले किती?

त्या सकाळचा वृत्तांत आपल्याकडे आहे. टॉवरमध्येच वावर असलेल्या एका अनामिक समकालीनाने तो लिहून ठेवला. आपल्या भाषेत बखरच म्हणावी. तिच्याशी चित्र ताडून पाहिले की हिशेब बराच गुंतागुंतीचा निघतो.

सर्वांत ढळढळीत चूक जागेची आहे. जेनचा वध उघड्यावर, टॉवरच्या आवारातील हिरवळीवर, फेब्रुवारीच्या सकाळी झाला. चित्रातले कोंदट दगडी दालन ही दलारोशची भर आहे. पोशाखही तिचा नाही. खटल्याच्या वेळी घातलेलाच काळा झगा घालून ती वधस्तंभाकडे आली, असे बखरकार सांगतो. सख्यांनी तो तिच्या अंगावरून उतरवला, हेही तो सांगतो, त्यामुळे आतला पांढरा पोशाख अगदीच हवेतून आलेला नाही. पण त्या चोळीची घट्ट, कमनीय बेतणी एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची आहे, सोळाव्या शतकातल्या लंडनची नव्हे. वाट दाखवणारा माणूस बखरीत ‘जवळ उभ्या असलेल्यांपैकी एक’ एवढाच आहे. त्याला ब्रिजेसचा चेहरा चित्रकाराने दिला.

उलट, जे नाटकी आणि म्हणून बनावट वाटावे, तेच नेमके बखरीत आहे. मारेकऱ्याने गुडघे टेकून तिची क्षमा मागितली. त्याने तिला पेंढ्यावर उभे राहायला सांगितले, तेव्हा तिला ठोकळा दिसला. “मला लवकर मोकळे करा,” असे ती त्याला म्हणाली. मग तिने डोळ्यांवर रुमाल बांधला, ठोकळा चाचपू लागली, तो हाताला लागेना, आणि ती म्हणाली, “काय करू मी? कुठे आहे तो?” कोणीतरी तिला तिथवर नेले.

म्हणजे भिंती खोट्या, कपडे अर्धे खोटे, आणि चाचपडणारा हात खरा. माझ्या मते हे चित्र समजून घेण्याची किल्ली हीच आहे : दलारोशने एक खरी, जवळजवळ असह्य नोंद उचलली आणि ती नजरेतून निसटू नये म्हणून तिच्याभोवती बाकीचे सगळे रचले. उघड्या आभाळाखाली, काळ्या कपड्यांत, माणसांच्या घोळक्यात तो हात कोणाला दिसला नसता. काळोख्या दालनात, पांढऱ्या सॅटिनच्या शेजारी, तो टाळता येत नाही.

‘एवढी मोकळीक चित्रकाराला असायलाच हवी ना?’

असायला हवी, आणि भिंती-कपड्यांबद्दल माझी तक्रारही नाही. गणेशोत्सवात मंडळाचा जिवंत देखावा पाहताना अफझलखानाचा शामियाना थर्माकोलचा आहे म्हणून कोणी हरकत घेत नाही. दलारोशचे चित्र खरोखरच अशा देखाव्यासारखे रचलेले आहे : समोरून उघडा मंच, ठरलेल्या जागी पात्रे, एकावरच सोडलेला झोत, आणि आपण दोरीच्या अलीकडे. आकृतींची छोटी प्रतिरूपे करून, त्यांची मांडणी व प्रकाश तपासून मगच तो मोठ्या कॅनव्हासला हात घाली.

मोकळीक वेगळ्याच ठिकाणी महाग पडली आहे. बखरीतली जेन त्या सकाळी अखेरच्या दोन मिनिटांपर्यंत अजिबात चाचपडत नव्हती. ती हातात प्रार्थनेचे पुस्तक घेऊन, वाचत, स्वतःच्या पायांनी चालत आली. सख्या रडत होत्या, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तिने जमलेल्यांपुढे भाषण केले : मेरीविरुद्ध झालेले कृत्य बेकायदा होते हे मान्य केले, पण आपण त्याची इच्छा धरली नव्हती, असे सांगून हात झटकले. मग ती म्हणाली की मी जिवंत आहे तोवर माझ्यासाठी प्रार्थना करा. या ‘जिवंत आहे तोवर’ला मोठा अर्थ आहे. मृतांसाठी प्रार्थना करणे ही कॅथलिक रीत; ती प्रॉटेस्टंटांना मान्य नव्हती. मान ठोकळ्यावर ठेवण्यापूर्वी काही क्षण ही सोळा-सतरा वर्षांची मुलगी धर्मशास्त्रातला मुद्दा सोडायला तयार नव्हती. मेरीने तिचे मन वळवण्यासाठी फेकनम नावाचा विद्वान कॅथलिक धर्मगुरू पाठवला होता. त्याच्याशीही तिने वाद घातला, मत बदलले नाही, आणि तरी तो वधस्थळापर्यंत तिच्यासोबत आला. मारेकरी झगा उतरवायला मदत करू लागला तेव्हा “मला हात लावू नका” अशा अर्थाचे तिने त्याला बजावले. एक्कावन्नावे स्तोत्र तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. पट्टीसुद्धा तिने स्वतःच्या हाताने बांधली.

यातले काहीही चित्रात नाही. फेकनम नाही, पुस्तक नाही, ओठांवर शब्द नाही. ग्रीक शिकलेली, वाद घालणारी, बजावणारी जेन गेली आणि निष्पाप, मुकी, दुसऱ्याच्या आधाराने पुढे सरकणारी जेन उरली. दलारोशने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही, कारण तो क्षण घडला होता; त्याने तिच्या आयुष्यातला सर्वांत असहाय क्षण निवडून तोच तिचा कायमचा परिचय करून टाकला.

पॅरिसच्या प्रेक्षकांना लंडनच्या मुलीचे रडू का आले?

हे चित्र १८३४ च्या ‘सालों’मध्ये मांडले गेले. सालों म्हणजे पॅरिसमध्ये लूव्रच्या दालनांत भरणारे सरकारी कलाप्रदर्शन. चित्रकाराचे नशीब तिथे फळफळे किंवा फुटे. त्याच वर्षी दलाक्र्वाचे अल्जीरियातील स्त्रियांचे चित्र आणि अँग्रचे एका संताच्या हौतात्म्याचे चित्रही तिथे होते. अँग्रच्या चित्रावर इतकी टीका झाली की तो उद्विग्न होऊन रोमला निघून गेला. जेनपुढे मात्र लोकांनी गर्दी केली.

कारण समजायला १८३४ मधल्या पंचावन्न वर्षांच्या पॅरिसकराची कल्पना करावी. सोळाव्या लुईचे डोके २१ जानेवारी १७९३ रोजी आणि मारी आंत्वानेतचे त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला गिलोटिनखाली उडाले, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याच्या गल्लीतल्या कोणी ना कोणी ते पाहिले होते, कोणी टाळ्या वाजवल्या होत्या, कोणी आप्त गमावला होता. पुढे नेपोलियन आला, गेला, जुने राजघराणे परतले, आणि १८३० च्या जुलैमध्ये पुन्हा क्रांती होऊन तेही पळून गेले. आता गादीवर लुई-फिलिप होता, ज्याच्या वडिलांनी लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले होते आणि काही महिन्यांतच जे स्वतः गिलोटिनवर गेले होते. अशा राज्यात फ्रान्सच्या राणीचा वध थेट रंगवणे म्हणजे गांधीलमाशांच्या पोळ्यात हात घालणे.

इंग्लंडचा इतिहास येथे कामाला आला. लेकीच्या आडून सुनेला बोलावे, तसे इंग्लंडच्या आडून फ्रान्सबद्दल बोलता येत असे. इंग्रजांनीही राजाचे डोके उडवले होते, इंग्रजांकडेही राजघराणे परतून पुन्हा हाकलले गेले होते. दलारोशने हा मार्ग आधीच मळवला होता : टॉवरमध्ये कोंडलेल्या दोन बालराजपुत्रांचे चित्र, आणि शवपेटीचे झाकण उचलून पहिल्या चार्ल्सचे प्रेत निरखणाऱ्या क्रॉमवेलचे चित्र, अशी दोन्ही त्याने १८३१ च्या सालोंमध्ये मांडली होती. मारी आंत्वानेत पांढऱ्या कपड्यांत गिलोटिनवर गेली होती. दलारोशने जेनला पांढरे का नेसवले याची कारणे चित्रातल्या प्रकाशातही शोधता येतील, पण समोर उभ्या असलेल्या पॅरिसकराला तो रंग पाहून दुसरी कोणी आठवली नसेल, हे मला पटत नाही.

‘पण हे फार भडक, रडवे नाही का?’

हा आक्षेप नवा नाही. दलारोश रंगमंचाची दृश्ये रंगवतो, चित्रे नव्हे, असे त्याचे टीकाकार तेव्हाच म्हणत. सालोंच्या गर्दीने डोक्यावर घेतलेला, गूपिल या पॅरिसच्या प्रकाशकाने छापलेल्या मुद्राचित्रांमुळे घरोघरी पोचलेला हा चित्रकार अभिरुचिसंपन्न लोकांना हळूहळू नकोसा होत गेला. लोणावळ्याजवळ मळवलीला छापल्या गेलेल्या रविवर्म्याच्या ओलिओग्राफांबद्दल आपल्याकडे जी नाके मुरडली गेली, त्यांची जातकुळी हीच. विसाव्या शतकात चित्राने गोष्ट सांगणे हेच मुळी मागासलेपणाचे ठरले, तेव्हा दलारोशला वालीच उरला नाही.

आक्षेपात तथ्य आहे. भिंतीकडे तोंड फिरवलेली सखी माझ्याही लेखी जरा जास्तच नटलेली आहे. पण डोळ्यांवर पट्टी असल्याने जेनचा चेहरा अभिनय करू शकत नाही, हे मात्र टीकाकार विसरतात. सगळा भार हातावर टाकून चित्रकाराने रडवेपणाची सर्वांत सोपी वाट स्वतःहून बंद केली आहे.

पुरात गेलेले चित्र

चित्र आधी अनातोल देमिदोव या धनाढ्य रशियनाने घेतले, पुढे ते एका इंग्रज उद्योजकाकडे आले आणि त्याच्या वारसाने १९०२ साली राष्ट्राला दिले. नंतर ते टेट गॅलरीत होते. जानेवारी १९२८ मध्ये थेम्सला पूर आला, नदीकाठच्या टेटच्या तळघरांत पाणी शिरले आणि ‘लेडी जेन ग्रे’ नष्ट झाल्याचे मानले गेले. फॅशन उतरलेल्या चित्रकाराच्या कॅनव्हाससाठी कोणी ऊर बडवला नाही. १९७३ साली टेटमधला एक अभ्यासक जॉन मार्टिन या चित्रकाराचे, पाँपेईच्या विध्वंसाचे, पुरात खराब झालेले चित्र शोधत होता. त्या गुंडाळीत त्याला जेनही सापडली, पंचेचाळीस वर्षांनंतरही बहुतांशी शाबूत. १९७५ पासून ती नॅशनल गॅलरीत आहे.

मग खरी जेन कुठे भेटते?

त्याच लंडनमध्ये, ब्रिटिश लायब्ररीत, तळहातावर मावेल एवढे एक हस्तलिखित प्रार्थनापुस्तक जपलेले आहे. वधस्थळी ती वाचत होती ते हेच असावे असे मानले जाते. त्याच्या पानांच्या समासांत जेनने शेवटच्या दिवसांत काही ओळी लिहिल्या. त्यांतल्या काही वडिलांसाठी आहेत आणि काही टॉवरच्या अधिकाऱ्यासाठी, म्हणजे चित्रात तिला पोटाशी धरून पुढे नेणाऱ्या त्या जॉन ब्रिजेससाठी. त्याने तिच्याकडे आठवण म्हणून चार ओळी मागितल्या होत्या. एवढ्या थोर पुस्तकात माझ्यासारख्या साध्या स्त्रीने लिहावे अशी तुमची इच्छा आहे, अशी सुरुवात करून ती त्याला, आपल्या पहारेकऱ्याला, कसे जगावे आणि कसे मरावे याचा उपदेश करते. जन्माला वेळ असते, मरणालाही असते, आणि मरणाचा दिवस जन्माच्या दिवसापेक्षा चांगला, हे बायबलमधले वचन तिने तिथे उतरवले आहे. जुलैमध्ये कागदांवर तिची सही ‘राणी जेन’ अशी पडत असे. येथे खाली ‘जेन डडली’ एवढेच आहे.